उमुओफियातले मतभेद

१९४८ साली नायजेरियातल्या इबादान इथे लंडन विद्यापीठाशी जोडलेलं कॉलेज सुरू झालं. तिथल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक होते चिनुआ अचेबे. आले होते वैद्यकीय शिक्षणासाठी, वळले साहित्याकडे. इंग्रजीच्या वर्गाला जॉइस कॅरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ ही १९३९ची कादंबरी होती. कॅरी नायजेरियात वसाहतीचे अधिकारी म्हणून राहिले होते आणि कादंबरीही तिथलीच, तेव्हा मुलांना ती जवळची वाटेल अशी शिकवणाऱ्यांची अपेक्षा असावी. वर्ग मात्र बिथरला. नायकाला गोळी घातली जाते तेवढाच प्रसंग आपल्याला आवडला, असं एका विद्यार्थ्यानं तोंडावर सांगितलं. त्यानंतर दहा वर्षांत, १९५८मध्ये, अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आली. आज कॉलेजात जागतिक साहित्य शिकवलं जातं तिथे आफ्रिकेची ओळख बहुतेक वेळा याच कादंबरीपासून सुरू होते. साहित्याचा वर्ग दुसऱ्याची संस्कृती किती चुकीची दाखवू शकतो आणि किती नेमकी, या दोन्ही गोष्टी या एका हकिगतीत आहेत.

नेमकेपणा कशात असतो? अचेबेंच्या कादंबरीतल्या इग्बो समाजाबद्दलची माहिती तर ज्ञानकोशातही मिळते: कोनफळाच्या जातीच्या यामची शेती, पाहुण्यापुढे फोडायची कोला बी, जुळी मुलं अशुभ मानून रानात टाकण्याची रूढी. अशा यादीत समाज एका सुरात बोलतो. ‘इग्बो लोक असं मानतात’ म्हटलं की सगळे इग्बो तसं मानतात असं आपण धरून चालतो. अचेबेंच्या उमुओफिया गावात मात्र रूढींवरून माणसांचं एकमत नाही. देववाणीच्या आज्ञेनं इकेमेफुना या मुलाला मारायचं ठरतं, तेव्हा गावातला सर्वांत वृद्ध माणूस, एझेउडू, कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याला बजावतो की तो पोर तुला बाप म्हणतो, त्याच्या मृत्यूत तू हात घालू नकोस. ओकोन्क्वो घालतो, कारण आपण दुबळे दिसू याची त्याला भीती वाटते. शांतिसप्ताह मोडणाऱ्याला पूर्वी गावातून मरेपर्यंत फरफटवत नेत, पण त्यानं शांतीच भंगते म्हणून ती प्रथा बंद पडली, हेही एझेउडूच सांगतो. गोरा माणूस यायच्या आधीच हा समाज स्वतःला तपासत होता, बदलत होता. ओकोन्क्वोच्या हातून नकळत एक मृत्यू घडतो आणि त्याला सात वर्षं गाव सोडावं लागतं. त्याचं घर जाळणाऱ्यांत त्याचा जिवलग मित्र ओबिएरिका असतो. ते करून तो घरी येऊन विचारात पडतो: नकळत झालेल्या चुकीला एवढी शिक्षा का? आपल्या बायकोची जुळी रानात टाकली, त्यांनी काय केलं होतं? उत्तर त्याला सापडत नाही. रूढी पाळणारा आणि रूढीवर शंका घेणारा माणूस एकच असू शकतो, हे आपल्या घरातल्या माणसांबद्दल आपण जाणतो. परक्यांबद्दल ते मनात उतरायला ओबिएरिकाच भेटावा लागतो. जागतिक साहित्याच्या तासाला ऐकायचा असतो तो एखाद्या समाजाचा असा स्वतःशीच चाललेला वाद.

यावर एक रास्त आक्षेप आहे: भाषांतरात मूळ अर्थच निसटत असेल, तर ऐकायचं काय? अचेबेंनी इंग्रजीतच लिहिलं, तरी प्रश्न सुटत नाही. त्यांनी ‘ची’ हा इग्बो शब्द तसाच ठेवला आहे. मराठी वाचक चटकन ‘नशीब’ म्हणेल आणि फसेल. माणूस ठामपणे हो म्हणाला की त्याची ‘ची’ही हो म्हणते, असं गाव मानतं, आणि ओकोन्क्वो मात्र पुढे आपल्या ‘ची’ची झेपच तेवढी नव्हती या निष्कर्षाला येतो. प्रारब्ध, दैव, कुलदैवत, यातला एकही शब्द पुरत नाही. पण वर्गात अर्धा तास या न पुरण्यावर घालवला, तर संस्कृतीचं जेवढं हाती लागतं तेवढं सुबक प्रतिशब्दानं लागत नाही. यू. आर. अनंतमूर्तींच्या कन्नड कादंबरीच्या इंग्रजी अनुवादात ए. के. रामानुजन यांनी ‘संस्कार’ हे नाव न बदलता ठेवलं, ते या शब्दाचे अनेक अर्थ जपायला. तीही कादंबरी एका वादावरच उभी आहे: आचार मोडलेल्या ब्राह्मणाच्या प्रेताला अग्नी द्यायचा कुणी?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. एका सत्रात दहा-बारा देश उरकायचे, म्हणजे एक कादंबरी अख्ख्या खंडाची प्रतिनिधी होऊन बसते. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’च्या शेवटच्या परिच्छेदात ब्रिटिश जिल्हाधिकारी ठरवतो की आपण लिहिणार असलेल्या पुस्तकात या ओकोन्क्वोवर एक बऱ्यापैकी परिच्छेद होईल. घाईनं आखलेला अभ्यासक्रम नेमकं हेच करतो, आणि परीक्षेच्या गाइडमधला सारांश तर ओबिएरिकाची शंका आधी गाळतो, कारण कथानक तिच्यावाचून अडत नाही. म्हणून देश कमी करावेत आणि एकाच समाजातली दोन पुस्तकं शेजारी ठेवावीत, असं माझं मत आहे. विद्यार्थ्यांना जग कमी दिसेल, ही तक्रार येईल. पण अचेबेंसोबत फ्लोरा न्वापा यांची १९६६ची ‘एफुरू’ वाचून पाहावी. ओकोन्क्वोच्या गावात याम हे पुरुषाचं पीक, आणि ‘बायकी’ हा त्याला सर्वांत झोंबणारा शब्द. एफुरू मात्र व्यापारावर स्वतःच्या पायांवर उभी राहते, दोन्ही लग्नं मोडतात तरी कोसळत नाही, आणि सरोवराच्या देवीची, उहामिरीची, उपासना करते. ही देवी बायकांना संपत्ती देते, सौंदर्य देते, पण तिला स्वतःला मूल नाही. मग बायका तिला का भजतात, या प्रश्नावर न्वापा कादंबरी थांबवतात. समाज तोच, इग्बो.