छांग राजा खोटा होता काय?

कोरियाच्या गोर्यो घराण्यात एकूण ३४ राजे झाले असे आज मानतात. त्यांतला तेहेतिसावा छांग. पण या घराण्याचा जो अधिकृत इतिहास १४५१ साली पूर्ण झाला, त्या ‘गोर्योसा’ ग्रंथात राजांच्या भागात त्याला जागाच नाही. तो सापडतो चरित्रांच्या शेवटी, बंडखोरांच्या पंगतीला, आणि तेही आडनाव बदलून! राजघराण्याचे आडनाव वांग. याला मात्र ‘सिन छांग’ म्हटले आहे.

भानगड सुरू होते त्याच्या बापापासून. कोंगमिन राजाने सिन दोन नावाच्या एका बौद्ध भिक्षूच्या हाती राज्यकारभार दिला होता. पुढे तो मर्जीतून उतरला आणि १३७१ मध्ये मारला गेला. पान्या ही त्याच्या घरची दासी. तिच्या मुलाला, ऊ याला, कोंगमिनने आपला पुत्र म्हणून वाड्यात आणले. आई म्हणून मात्र एका मृत स्त्रीचे नाव सांगितले. १३७४ मध्ये कोंगमिनचा खून झाला व ऊ राजा झाला. दोन वर्षांनी पान्या ‘राजाची आई मीच’ असा आक्रोश करीत आली, तेव्हा तिला इम्जिन नदीत बुडविण्यात आले. मुलगा गादीवर आणि आईची ही गत! एवढ्या मोठ्या वादात तिला कोणी साक्षीला बोलावले नाही.

१३८८ साली मिंग चीनविरुद्ध फौज निघाली. सेनापती यी सोंग-ग्ये याला मोहीम नको होती. पावसाळ्यात धनुष्यांचा सरस सुटतो व सैन्यात रोगराई पसरते, हे त्याच्या कारणांपैकी एक. यालू नदीतल्या वीह्वा बेटावरून तो मागे फिरला आणि त्याने ऊ राजाला पदच्युत केले. पण त्याचा जोडीदार सेनापती चो मिन-सू व विद्वान मंत्री यी सेक यांनी ऊ राजाचाच आठ वर्षांचा मुलगा छांग गादीवर बसविला.

माझ्या मते खरे भांडण जमिनीचे होते. बड्या घराण्यांनी बळकावलेल्या जमिनी काढून नव्याने वाटाव्यात, असे सोंग-ग्येच्या गटाचे म्हणणे. यी सेकचा त्याला विरोध. चो मिन-सू लवकरच हद्दपार झाला. १३८९ मध्ये ऊ राजावर कटाचा आरोप आला आणि त्याबरोबर छांगही ‘सिन दोनचा नातू’ ठरला. खोट्याला काढून खऱ्याला बसवायचे, असे सांगून त्याला उतरविले. बापलेक दोघेही मारले गेले.

आता ऊ खोटाच होता, तर चौदा वर्षे त्याचे हुकूम सोंग-ग्येने कसे पाळले? तेव्हा कोणाला रक्त आठवले नाही. जमिनीसाठी लढणाऱ्या गटाची बाजू मला पटते, पण त्यासाठी एका पोराचा आजा बदलावा लागला हे पटत नाही. शिवाय ‘खरा’ म्हणून आणलेला कोंगयांग तरी किती टिकला? १३९२ मध्ये त्याला दूर सारून सोंग-ग्ये स्वतःच राजा झाला, आणि त्याच्या अंगात तर वांग घराण्याचे रक्त मुळीच नव्हते. कोंगयांगला १३९४ मध्ये ठार करण्यात आले. ‘गोर्योसा’ सिद्ध झाला तो याच सोंग-ग्येच्या वंशजांच्या दरबारात.