पाय टेकण्यासाठी गाडी किती खाली आणायची?

पाच फूट दोन इंच उंचीच्या पोराने किंवा पोरीने आर-15 घेतली की अमडापूर असो वा चिखली, पहिला सल्ला ठरलेला असतो : "गाडी खाली करून घे, दोन बोल्टचं काम आहे." बोल्ट खरंच दोन-चारच असतात. पण त्या बोल्टांवर गाडीचं वळणं, थांबणं, दिव्याचा झोत आणि स्टँडवर उभं राहणं हे सगळं अवलंबून असतं, आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. उंची कमी आहे म्हणून कोणी आवडती गाडी सोडून द्यावी, हे मला मुळीच पटत नाही. म्हणूनच हे काम नीट समजून झालं पाहिजे.

"सीट 815 म्हणजे आपलं काम नाही"

यामाहा आर-15च्या चौथ्या आवृत्तीची सीट जमिनीपासून 815 मिलिमीटरवर आहे. पल्सर आरएस 200 आणि अपाचे आरआर 310 यांची 810, जिक्सर एसएफची 795. घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडरची 785. म्हणजे जिला आपण उंच म्हणतो ती आर-15 स्प्लेंडरपेक्षा तीनच सेंटिमीटर उंच आहे. रॉयल एनफील्ड क्लासिकची सीट 805ला आहे, पण ती रुंद असल्यामुळे आखूड पायांच्या माणसाला तिच्यावर आकड्यावरून वाटतं त्यापेक्षा जास्त ताणावं लागतं.

पत्रकात छापलेली उंची रिकाम्या गाडीची असते. तुम्ही बसलात की सस्पेन्शन दबतं आणि गाडी दोन-तीन सेंटिमीटर आपोआप खाली येते. शिवाय पाय सीटच्या मधून नव्हे, दोन्ही कडांवरून खाली जातात. कडा रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढी लांबी वाया जाते. म्हणून निर्णय आकड्यावर करू नका. नेहमीचे बूट घालून गाडीवर बसा, कोणाला तरी गाडी धरायला सांगा आणि टाचेखाली किती जागा उरते ते दुसऱ्याकडून मोजून घ्या. त्या मोजमापावरून पुढचं सगळं ठरतं.

"दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत"

नाही. थांबताना डावा पाय जमिनीवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर, एवढं पुरतं. दोन्ही पायांचे चवडे पोचत असतील, किंवा कंबर थोडी डावीकडे सरकवून एक तळवा पूर्ण टेकत असेल, तर सपाट रस्त्यावर गाडी सांभाळता येते. स्पेनचा दानी पेद्रोसा जेमतेम 160 सेंटिमीटर उंचीचा. त्याने तीन जगज्जेतेपदं मिळवली, 2003मध्ये 125 सीसीचं आणि 2004 व 2005मध्ये 250 सीसीचं, आणि नंतर मोटोजीपीत 31 शर्यती जिंकल्या. शर्यतीत सिग्नलला थांबावं लागत नाही, हे खरं. पण गाडी चालवणं आणि पाय टेकणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आपल्याकडे खरी अडचण येते ती रस्त्याच्या कडेला. डांबर संपतं तिथे साइडपट्टी खचलेली असते आणि पावसाळ्यात तिच्यावर काळ्या मातीचा चिखल. एसटीला जागा द्यायला गाडी कडेला घेतली की डावा पाय डांबराऐवजी चार बोटं खालच्या जमिनीकडे जातो. चवडा पोचत नाही, गाडी कलते, आणि एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की दीड क्विंटलच्या आसपासचं वजन मनगटांना पेलत नाही. उपाय साधा आहे : डावा पाय डांबरावरच पडेल एवढं आत थांबायचं, आणि थांबण्याआधी पाय कुठे पडणार ते पाहून घ्यायचं. गाडी दोन इंच खाली आणली तरी ही सवय लावून घ्यावीच लागते.

"सीट कापली की बसायची सोय गेली"

माझ्या मते सुरुवात सीटपासूनच करावी, कारण तिच्यामुळे गाडीची भूमिती बदलत नाही. सगळा फोम सपाट कापला तर बसायला खरंच टोचतं, कारण स्पोर्ट बाइकची सीट मुळात पातळ असते. पण चांगला सीटवाला मधला फोम फारसा काढत नाही. टाकीजवळच्या दोन्ही कडा तो उतरत्या करतो, म्हणजे मांड्या सरळ खाली जातात. मधून एक-दीड सेंटिमीटर आणि कडांना त्याहून थोडं जास्त काढलं, तरी पायाला पडणारा फरक कापलेल्या फोमपेक्षा मोठा असतो. मूळ सीटला हात लावू नका. दुसरी सीट घेऊन तिच्यावर काम करून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : सीट खाली आली पण फूटरेस्ट तिथेच राहिले, म्हणून गुडघे जास्त मुडपतात. रोज अमडापूरहून खामगावला जाणाऱ्याने आधी तासभर बसून पाहावं.

काही कंपन्या हे काम स्वतःच करून देतात. रॉयल एनफील्डच्या हिमालयन 450ची सीट 825 आणि 845 अशा दोन उंचींवर लावता येते, शिवाय 805पर्यंत आणणारी कमी उंचीची सीट मिळते. आपल्या गाडीसाठी अशी सीट आहे का, हे शोरूममध्ये आधी विचारा.

"प्रीलोड सैल केला की शॉकअप मऊ होतो"

प्रीलोडने स्प्रिंगची ताकद बदलत नाही, ती आधीच किती दाबून ठेवली आहे एवढंच बदलतं. पंचावन्न किलोच्या माणसाच्या गाडीवर प्रीलोड जास्त असेल तर गाडी त्याच्या वजनाने दबतच नाही आणि विनाकारण उंच राहते. एक-दोन खाचा सैल केल्या की ती काही मिलिमीटर बसते, खर्च शून्य. मागे कोणी बसणार असेल तर मात्र पुन्हा घट्ट करावा, नाहीतर खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो.

स्प्रिंगची वेटोळी कापणं हा तर घातक प्रकार आहे. कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते, कारण तेवढंच वजन आता कमी वेटोळ्यांवर येतं. कापलेलं टोक सपाट बसत नाही, म्हणून ती तिरकी दाबली जाते.

"मागून खाली केली की झालं"

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. आर-15च्या मागच्या शॉकअपला लिंक आहे. ती बदलून लांब लिंक टाकली की मागचा भाग खाली येतो. केटीएमच्या ड्यूक आणि आरसी गाड्यांना अशी लिंकच नाही, त्यामुळे एका गाडीचा नुस्खा दुसरीला लागत नाही.

आता हिशेब करून पाहू. आर-15च्या दोन चाकांमधलं अंतर 1325 मिलिमीटर. मागचा भाग 25 मिलिमीटर खाली आणला तर गाडी मागे झुकते आणि सगळी चौकट एक अंशाहून किंचित जास्त फिरते. पुढचा फोर्क तेवढा जास्त तिरका होतो, म्हणून गाडी वळायला जड लागते. पण खरी भीती दिव्याची आहे. एक अंश म्हणजे पन्नास मीटरवर जवळजवळ नव्वद सेंटिमीटर. तुमचा झोत तेवढा वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्री चिखली-खामगाव रस्त्यावर समोरचा डोळे दिपून कुठे जाईल, हे तुमच्या हातात राहत नाही. दिव्याचा स्क्रू फिरवून झोत परत खाली आणणं हा या कामाचाच भाग आहे.

म्हणून मागे जेवढं, साधारण तेवढंच पुढे. पुढचे फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवतात. फक्त पुढून खाली केली तर उलटं घडतं : गाडी अधीर होते आणि वेगात हँडल थरथरतं. फोर्क सरकवल्यावर ते पूर्ण दबले तर मडगार्ड कुठे अडतं का, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

खाली आणण्यालाही मर्यादा आहे. आर-15च्या पोटाखाली 170 मिलिमीटर जागा असते. 25 गेले की 145 उरतात, आणि दोघं बसल्यावर त्याहूनही कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. गावोगावचे गतिरोधक त्या मापाचे नसतात. ते अरुंद आणि उभे असतात, आणि त्यांच्यावर गाडीचं पोट घासतं. आपल्या रस्त्यांवर पंचवीस मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साइड स्टँडचं बहुतेकांना पडल्यावरच कळतं. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे आडवी होते. स्टँड त्याच मापात आखूड करावा लागतो. चेनचा ढिलेपणाही नव्याने तपासून घ्या, कारण मागच्या चाकाचा कोन बदललेला असतो.

"आरटीओ काही म्हणत नाही"

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कायद्यात बदल म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला फेरफार. सीटचा फोम आणि प्रीलोड त्यात बसत नाहीत. चौकट कापणं, वेल्डिंग करणं मात्र सरळ त्याच्या कक्षेत येतं. लिंक बदलण्याआधी बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो.

आणि मूळ सीट, लिंक, स्टँड गॅरेजवर सोडून येऊ नका. स्टँड कापण्याऐवजी दुसरा घेऊन तो आखूड करून घ्या. गाडी विकताना किंवा घरातल्या उंच भावाला देताना अर्ध्या दिवसात ती होती तशी करता येते.