‘समजलं ना?’ ‘हो, डॉक्टर!’

पेशंटने तक्रार सांगायला सुरुवात केली की डॉक्टर त्याला किती वेळ बोलू देतात? अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये तपासणीच्या ध्वनिफिती ऐकून हिशेब मांडला. उत्तर आलं सरासरी १८ सेकंद. त्यानंतर डॉक्टर मध्येच प्रश्न टाकतात आणि सगळी तपासणी पहिल्या तक्रारीभोवती फिरत राहते. छातीतली धडधड पेशंटला आठवते ती दाराशी गेल्यावर.

बोलू दिलं तर पेशंट थांबणारच नाहीत, ही डॉक्टरांची भीती. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डॉक्टरांनी ३३५ पेशंटना न अडवता बोलू दिलं, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. सरासरी ९२ सेकंदांत पेशंटचं सांगून झालं होतं!

आपल्याकडे मात्र ९२ सेकंद ही चैनच. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळांचा आढावा निघाला, त्यात स्वीडन साडेबावीस मिनिटांवर, तर भारत जेमतेम दोनवर. बाहेर केसपेपरची चळत वाढत असताना सगळा दोष डॉक्टरांच्या स्वभावावर ढकलणं मला पटत नाही. २०१९ पासून एमबीबीएसला संवादकौशल्य रीतसर शिकवतात, हे चांगलंच झालं. पण इंटर्न खरा शिकतो तो सरांच्या मागे राउंड घेताना.

आता दम्याचा पेशंट घ्या. डॉक्टर सांगतात, ‘पंप रोज दोन वेळा घ्यायचा, बरं वाटलं तरी बंद करायचा नाही. समजलं ना?’ ‘हो.’ पंधरा दिवसांनी श्वास मोकळा होतो आणि पंप कपाटात जातो. ‘सवय लागते हो त्याची!’ माहिती द्यायची तेवढी दिली गेली होती, ऐकूही गेली होती. मग बिनसलं कुठे?

मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ मध्ये याचा उलगडा केला. आजार का झाला, किती दिवस राहणार, औषधाने काय होणार, याची पेशंटची स्वतःची एक मांडणी असते. या पेशंटच्या लेखी दमा अधूनमधून ‘उसळतो’. डॉक्टरांच्या लेखी श्वासनलिकांची सूज दम लागत नसतानाही असतेच. ‘पंपाबद्दल तुम्ही काय ऐकलंय?’ एवढं विचारलं असतं, तर ही तफावत तिथेच उघडी पडली असती.

दुसरा उपाय म्हणजे पेशंटकडून उलट सांगून घेणं. मात्र शाळेतल्या तोंडी परीक्षेचा सूर नको. ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघतेय; घरी सूनबाईंना कसं सांगाल?’ असं विचारावं, आणि पंप हातात देऊन ओढायला लावावा. मग दिसतं, की आजोबा आधी दाबतात आणि श्वास नंतर घेतात. औषध जिभेवरच राहतं. नंतर चूळ भरायची, हे तर त्यांच्या कानावरच आलेलं नसतं. यासाठी मोठे डॉक्टरच हवेत असंही नाही. सिस्टर किंवा औषध देणारे फार्मासिस्टही हे करू शकतात, फक्त त्यांच्या कामात त्यासाठी वेळ धरायला हवा.