एकटीचं पोळं

पोखर्णीहून एका वाचकाने विचारलंय: पडवीच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांची दोन पोळी आहेत. एकावर दहा-बारा माश्या, दुसऱ्यावर एकच. ही एकटी निराळ्या जातीची का?

बहुधा नाही. ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ ही आपल्याकडची गांधीलमाशी दोन्ही तऱ्हांनी संसार मांडते. लाकडाचा कीस चावून, लाळेत कालवून ती एकटीच कागदी पोळं उभारते, नाहीतर जमावात राहून दुसरीची पिल्लं पोसते. (मातीची घरटी करणारी कुंभारीण मात्र कायमची एकटी: लुळी केलेली अळी आत कोंडते, तोंड लिंपते आणि निघून जाते.)

स्वतः अंडी घालता येत असताना दुसरीच्या घरी राबायचं कशाला? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कोषातून नुकत्याच निघालेल्या माद्या एकेकट्या डब्यांत ठेवल्या. सोबत पोळ्यासाठी मऊ लाकूड, मध, पाणी आणि तांदळातल्या पतंगाच्या अळ्या. शेतात मित्रकीटक सोडायच्या ट्रायकोकार्डावर ज्याची अंडी असतात तोच हा पतंग. दटावायला राणी नाही, खाण्याची ददात नाही. तरी जवळपास निम्म्या माद्यांनी अंडी घातलीच नाहीत! अळीपणी पोटाला किती मिळालं, यावरही ते ठरतं.

उरलेल्यांचं गणितही अवघडच. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दोन महिने लागतात आणि कित्येक माद्या महिनाभरही जगत नाहीत. एकट्या शेतकऱ्याने ऐन मृगात अंथरूण धरलं तर रान पडीक राहतं. चार भावांत पेरणी अडत नाही. तसंच इथे. एकटी मेली की पिल्लं संपली. जमावात तिने अर्धवट वाढवलेली पिल्लं दुसरी कुणी मोठी करते. अशा हिशेबातून पिढ्यान्‌पिढ्या जमावात राहण्याची ओढ टिकते, आणि एकटीचा डाव कधीमधी साधतो म्हणून तोही टिकतो.

डब्यातल्या माशीवरून माणसाच्या एकाकीपणावर मथळे सजवणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. एका जिवाचं एकटेपण म्हणजे उत्क्रांती नव्हे. कुणाची किती पिल्लं जगली, एवढंच तिथे मोजलं जातं.

आणि एक राहिलंच. या माशीतल्या राणी-कामकरी भेदावर 1974 मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये टिपण छापलं होतं ते पुण्याच्या माधव गाडगीळांनी, अनिल महाबळांसोबत. पश्चिम घाटाच्या अहवालाचे गाडगीळ सगळ्यांना ठाऊक आहेत. गांधीलमाशीचे गाडगीळही तितकेच ठाऊक असायला हवेत.