गुलाबाची काडी आणि वाटाण्याचे बी

समजा शाळेच्या बागेतला एक लहानसा वाफा तुमच्या वर्गाच्या वाट्याला आला आहे. त्यात काय लावाल? निम्मा वर्ग म्हणेल, गुलाब. उरलेले म्हणतील, काहीतरी खाता येण्याजोगे लावू, वाटाणा लावू. गुलाबवाले रोपवाटिकेत जाऊन कलम घेऊन येतील. वाटाणावाले दुकानातून मूठभर बी आणतील. गुलाबाचे बी आणावे किंवा वाटाण्याचे कलम आणावे, असे मात्र कोणालाच सुचणार नाही. असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की या दोन झाडांमधला खरा फरक उलगडत जातो.

काटा आणि तणावा

प्रथम वरवरचे फरक पाहू. गुलाब हे बहुवर्षायू झुडूप आहे. त्याचे खोड काष्ठमय असते आणि नीट काळजी घेतली तर ते वर्षानुवर्षे फुलत राहते. वाटाणा वर्षायू आहे. तो उगवतो, फुलतो, शेंगा धरतो आणि काही महिन्यांत वाळून जातो. गुलाब सफरचंद, बदाम आणि स्ट्रॉबेरी यांच्या कुलातला, तर वाटाणा हरभरा, तूर आणि भुईमूग यांच्या कुलातला.

गुलाबाचा काटा अंगठ्याने बाजूला रेटा. तो अलगद निघून येतो आणि फांदीवर फक्त एक वण राहतो. लिंबाचा काटा असा निघणार नाही. लिंबाचा काटा पानाच्या बगलेत येतो. ते फांदीचे रूपांतर असून त्याच्या आत लाकूड असते. गुलाबाचा काटा केवळ सालीवरची वाढ आहे. रानटी गुलाबाच्या वेली याच काट्यांच्या आकड्यांनी शेजारच्या झुडपांना धरून वर चढतात.

वाटाण्याने चढण्यासाठी वेगळी युक्ती केली आहे. त्याच्या संयुक्त पानाच्या टोकाकडील पर्णिकांचे दोऱ्यासारखे तणावे झालेले असतात. तणाव्याला काडीचा स्पर्श झाला, की तो तिच्याभोवती गुंडाळू लागतो. म्हणून वाटाण्याला बारीक काड्यांचा किंवा सुतळीचा आधार लागतो. जाड बांबू त्याच्या कवेत मावत नाही.

खत कोणाला, किती?

गुलाब खादाड आहे. फुले हवी असतील तर शेणखत, पेंड असे काही ना काही त्याला द्यावेच लागते. वाटाण्याला नत्राचे खत फारसे लागत नाही. ते जास्त झाले तर नुसता पाला माजतो. याचे कारण जमिनीखाली आहे. वाटाण्याचे रोप हलकेच उपटून मुळे धुतली, तर त्यांवर लहान लहान गाठी दिसतात. त्यांत ऱ्हायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणण्याचे काम ते करतात आणि त्याच्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ताजी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर तिचे काम चालू आहे असे समजावे. हा रंग ज्या द्रव्याचा असतो, ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातले आहे.

कळी उमलण्यापूर्वी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाटाण्याची उद्या उमलेल अशी कळी घ्या आणि सुईने अलगद उघडा. आत परागकोश फुटलेले दिसतील आणि पराग स्त्रीकेसराच्या टोकावर पडलेले दिसतील. म्हणजे कीटकांना आमंत्रण जाण्यापूर्वीच परागण उरकलेले असते! उमललेल्या फुलातही खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळून केसरांना झाकून ठेवतात. त्यामुळे दुसऱ्या झाडाचे पराग आत येणे क्वचितच घडते.

पिढ्यान् पिढ्या असे स्वपरागण झाले, की झाडाचे गुण शुद्ध होत जातात. आईबाप एकच, म्हणून मुले त्यांच्यासारखी. उंच जातीचे बी पेरले, की उंचच रोपे येतात. वाटाण्याची जात टिकवायला बी पुरेसे होते, ते यामुळे.

गुलाबाचे तसे नाही. रानटी गुलाबाला सामान्यतः पाचच पाकळ्या असतात आणि मध्ये पुंकेसरांचा पिवळा झुबका असतो. त्यावर मधमाश्या येतात आणि एका झुडपाचे पराग दुसऱ्यावर नेतात. आपल्या बागेतले गुलाब तर अनेक जातींच्या संकरांतून जन्मलेले. त्यांच्या भरगच्च पाकळ्यांपैकी बऱ्याचशा म्हणजे पुंकेसरांचेच रूपांतर होय. फुलाच्या मध्याशी शोधा. अर्धी पाकळी आणि अर्धा परागकोश असलेला एखादा अवयव सापडतो. अशा गुलाबाचे बी पेरले, तर प्रत्येक रोप निराळे निघते, आणि आईइतके सुंदर क्वचितच.

याला गुणसूत्रांचीही साथ आहे. वाटाण्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या, म्हणजे १४ गुणसूत्रे असतात. गुलाबाचा मूळ संचही ७ चाच. परंतु बागेतल्या बहुतेक आधुनिक गुलाबांत त्या संचाच्या चार प्रती, म्हणजे २८ गुणसूत्रे असतात. दोन प्रतींची वाटणी सोपी. चार प्रतींचा हिशोब फार गुंतागुंतीचा होतो. ग्रेगोर मेंडेलने प्रयोगांसाठी वाटाण्याऐवजी बागेतला गुलाब निवडला असता, तर आनुवंशिकतेचे नियम त्याच्या हाती लागणे कठीण होते.

गोड शेंगेची गोष्ट

मेंडेलने १८५६ पासून ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याने निवडलेल्या सात गुणांपैकी एक होता शेंगेचा आकार. काही शेंगा फुगीर असतात, तर काही दाण्यांमध्ये आवळलेल्या असतात. या दुसऱ्या प्रकारच्या शेंगा सालीसकट खाता येतात.

मटार सोलताना सालीच्या आतला पातळ, चिवट पापुद्रा तुम्ही पाहिला असेल. तो काढून टाकला, तर उरलेली साल गोड लागते. हा पापुद्रा शेंग ताठ ठेवतो. तो नसेल तर शेंग दाण्यांभोवती आवळते, पण संपूर्ण खाता येते. मेंडेलने या दोन प्रकारांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व शेंगा फुगीर आल्या. त्या झाडांचे बी पेरल्यावर पुढच्या पिढीतील ११८१ झाडांपैकी ८८२ झाडांना फुगीर आणि २९९ झाडांना आवळलेल्या शेंगा आल्या. भागाकार करून पाहा. प्रमाण जवळजवळ ३ : १ येते.

याच गुणाचा पुढे एक चविष्ट उपयोग झाला. साली खाता येणाऱ्या जुन्या वाटाण्याच्या शेंगा चपट्या व पातळ असत. अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका बियाणे कंपनीत काम करणारे कॅल्विन लॅम्बॉर्न यांना नेहमीच्या मटारात एक वेगळे झाड मिळाले होते. त्याच्या शेंगेची साल जाड होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या झाडाचा त्या चपट्या शेंगेच्या वाटाण्याशी संकर करण्यास सुरुवात केली. त्यांना साल जाड हवी होती, पण पापुद्रा नको होता. हे दोन्ही गुण अप्रभावी, म्हणजे एका पिढीत दडून बसणारे. असे दोन स्वतंत्र अप्रभावी गुण एकत्र येण्याचा संभव दुसऱ्या पिढीत १/४ × १/४, म्हणजे सोळांत एक. चव, उत्पन्न आणि झाडाची वाढ यांसाठी पुढे अनेक वर्षे निवड करावी लागली. अखेर १९७९ मध्ये ‘शुगर स्नॅप’ ही जात बाजारात आली. तिची शेंग भरदार व कुरकुरीत असते आणि दाण्यांसकट कच्ची खाता येते. हे सारे गुण आता तिच्या बियांतूनच पुढे जातात.

एका रोपाचे असंख्य तुकडे

गुलाबाच्या पैदासकारालाही संकर करावा लागतो. फरक आहे तो पुढे. हजारो रोपांतून एक मनासारखे निघाले, की त्याचे बी धरून उपयोग नसतो. मग त्याच्या काडीवरचा डोळा काढून तो रानटी गुलाबाच्या खुंटावर भरतात. डोळा फुटला, की वरचे झाड मूळ रोपाचाच तुकडा असतो. ‘ला फ्रान्स’ हा १८६७ मधला गुलाब हायब्रिड टी प्रकारातला पहिला मानतात. आज तो जिथे जिथे फुलतो, तिथे त्या एकाच रोपाची काडी पोचलेली आहे. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांच्या एका नव्या गुलाबाचे डोळे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस इतर देशांत पाठवले गेले, आणि १९४५ मध्ये अमेरिकेत त्याला ‘पीस’, म्हणजे शांती, हे नाव मिळाले.

या पद्धतीत धोकेही आहेत. काडीतून गुण जातात, तसे रोगही जातात. गुलाबाचा मोझेक हा विषाणुरोग डोळे भरताना पसरतो. शिवाय खुंटाला खालून फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर रानटी गुलाब माजतो आणि तुमचा आवडता गुलाब मागे पडतो.

दोन्ही तऱ्हेच्या वनस्पती ज्यांच्या हातांखालून गेल्या, असे एक भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बी. पी. पाल. ते १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जातींसाठी ते प्रसिद्ध होते. गहू वाटाण्यासारखाच स्वपरागित आहे. आणि याच डॉ. पाल यांनी गुलाबाच्याही अनेक नव्या जाती निर्माण केल्या.

मग वाफ्यात काय लावावे?

महाराष्ट्रात वाटाण्याला हिवाळा मानवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी ३-४ सें.मी. खोल पेरावे. ऊन तापू लागले, की फुले गळतात. ‘शुगर स्नॅप’ची मूळ जात दोन मीटरच्या जवळपास चढते, तेवढा आधार द्यावा. गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी केली, तर नव्या फांद्यांवर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात. म्हणजे दोघांचा हंगाम एकच! वाफ्याच्या मधोमध गुलाब आणि उत्तरेच्या कडेला वाटाणा लावला, तर गुलाबावर सावली पडणार नाही आणि वर्गातला वादही मिटेल.

करून पाहा

१. वाटाण्याच्या पाच कळ्यांवर उमलण्यापूर्वी पातळ कागदाच्या पिशव्या बांधा. किती शेंगा धरतात ते मोजा.

२. एका झाडाच्या शेंगा वाळू द्या. ते बी पुढच्या हिवाळ्यात पेरा आणि रोपे आईसारखी आहेत का ते पाहा.

३. गुलाबाचे एखादे फळ पिकू दिले आणि त्यातले बी पेरले, तर कदाचित एकही उगवणार नाही, कदाचित दोन-तीन उगवतील. पण उगवलेल्या रोपाला पहिले फूल येईल, तेव्हा तसा गुलाब जगात इतरत्र कोठेही नसेल. तो आवडला, तर त्याचे बी धरू नका. त्याचा डोळा भरायला शिका.