रियाजाला वेळ कोणाकडे असतो?

मार्च सरत आला की बीड जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांत भीमजयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी ठरते, मिरवणुकीचा मार्ग ठरतो आणि शेवटी कोणीतरी विचारतो, "डीजे कुणाचा सांगायचा?" आपलीच पोरे बसवून गाण्याचा कार्यक्रम करू, ढोलकी आपल्याच पोराने वाजवावी, असे मी सुचवले की उत्तर ठरलेले असते, "वकीलसाहेब, पोरांना सरावाला टाइम कुठंय?"

हे उत्तर खोटे नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे जयंती तोंडावर आलेली असताना. फडात अंधारात उठायचे आणि रात्री गाडी येईल तेव्हा भरायची. मजुरी टनावर, त्यामुळे तासांना मोजमाप नाही. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून 1946 साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. 1948 च्या कारखाने कायद्यानेही 48 तासांचीच मर्यादा घातली. साखर कारखान्याच्या गेटच्या आत ही मर्यादा आहे, पण त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याच्या फडात घड्याळच नाही!

संगीतातल्या थोरांच्या कथा आपण ऐकतो. अमुक उस्तादाने चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज केला, तमुक पंडित दिवसाला दहा तास बसत. त्या चाळीस दिवसांत त्यांची भाकरी कोणी थापली, हे मात्र कथेत येत नाही. तेव्हा आपल्या पोराचा हात अडखळला, तर "याच्यात कलाच नाही" असे म्हणण्याआधी त्याला वेळ किती मिळाला हे विचारले पाहिजे.

मात्र प्रश्न विचारून ढोलकी वाजत नाही. जो थोडा वेळ हाती आहे, त्याचे काय करायचे? माझा अनुभव सांगतो. कोर्ट, पक्षकार, मोर्चे यातून मी आठवडाभर ढोलकीला हात लावत नसे आणि रविवारी तीन तास बडवत बसायचो. बोटे सुजायची, हात होता तिथेच राहायचा. मग रोज फक्त वीस मिनिटे असा नेम केला आणि दोन महिन्यांत फरक पडला. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 सालीच दाखवून दिले होते की, एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर विभागलेली उजळणी जास्त टिकते. हाताचेही तसेच आहे.

या वीस मिनिटांचे तीन भाग करावेत. पहिली पाच मिनिटे नुसता केरवा, 'धा गे ना ति, न क धि न', आठ मात्रा, अगदी संथ. मोबाईलवर ठोके देणारे मेट्रोनोम अ‍ॅप फुकट मिळते, ते लावावे. प्रत्येक बोल स्वच्छ निघेपर्यंत वेग वाढवायचा नाही. आपली बहुतेक पोरे वेगाच्या मोहात पडतात आणि बोल एकमेकांत मिसळतात. पुढची दहा मिनिटे एकाच चुकीसाठी. मुखड्यावरून अंतऱ्यावर जाताना लय पळते? मग सगळे गाणे वाजवू नका, तेवढ्याच दोन ओळींच्या मधला तुकडा वीस वेळा वाजवा. डावा हात कमजोर असेल तर एकटा डावाच वाजवा. शेवटची पाच मिनिटे गाण्यासोबत, चुकले तरी न थांबता. ते मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावे, म्हणजे उद्याची चूक आजच सापडते.

ढोलकी जवळ नसेल तर? बोल तोंडाने म्हणावेत, हातावर टाळी धरावी. जुने तबलजी याला पढंत म्हणतात. जो बोल तोंडाने लयीत निघत नाही, तो हातातूनही निघत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्य वाजवायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा रात्री मांडीवर किंवा उशीवर बोटे चालवावीत. शेजाऱ्याची झोप मोडून समाजकार्य होत नाही.

आमच्या वस्तीतला एक पोरगा मागच्या हंगामात आईबापासोबत तोडीला गेला. ढोलकी घरीच राहिली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोपीसमोर, तो बोल म्हणत राहिला. परतल्यावर त्याच्या हाताला पंधरा-वीस दिवसच मिळाले. 14 एप्रिलला तो वाजवायला बसला, दुसऱ्या गाण्यात एकदा चुकला, पण थांबला नाही आणि सम गाठली. खाली बसलेली त्याची आई, कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होती.

गावगाड्यात हलगी आपल्या माणसांवर गावकीचे काम म्हणून लादली गेली. अनेकांनी ती स्वाभिमानाने खाली ठेवली, ते योग्यच झाले. आंबेडकरी जलशाची ढोलकी मात्र आपण स्वतःहून हातात घेतली. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या पिढीने गाण्यातून बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यात नेला तो भाड्याच्या स्पीकरवर विसंबून नव्हे.

म्हणून प्रत्येक विहाराला माझी विनंती आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून एक चांगली ढोलकी घ्या. ती पेटीत बंद न ठेवता खुंटीला, पोरांच्या हाताला येईल अशी ठेवा. संध्याकाळच्या वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा आणि त्या अर्ध्या तासात मुलींनाही बसवा, कारण चूल आणि पाणी सांभाळून त्यांना तर पोरांपेक्षाही कमी वेळ मिळतो. पुढच्या जयंतीची तयारी या एप्रिलच्या पंधरा तारखेलाच सुरू झाली पाहिजे.

जयभीम!