थेंब न पडणारी गळती

गाडीखाली डबकं साचत असेल तर काम सोपं असतं. थेंब पडतो तिथून वर बोट फिरवत गेलं की होज पाइप, रेडिएटर नाहीतर वॉटर पंप यांपैकी कोणीतरी ओलं सापडतंच. जिच्याखालची फरशी रोज सकाळी कोरडी ठणठणीत असते आणि तरीही आठवड्याभरात पाण्याची पातळी उतरते, ती गाडी खरी अवघड. साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये अशीच नव्वदच्या दशकातली कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी आली होती. "पाणी खातीय," मालक सांगत होते, "पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं की काटा वर जातो." दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना हेड उतरवायचा खर्च सांगितला होता. रेडिएटरमध्ये हळद टाका, गळती आपोआप बुजेल, असा सल्लाही कोणीतरी दिला होता.

हळदीचं नाव निघताच मिस्त्रींनी हात जोडले. "काका, ती भोकात बसायच्या आधी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते." मग बॉनेट उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाचा नव्हता. "पाणी कुठलं घालता?" बोअरचं, असं उत्तर आलं. मिस्त्री नुसते "बरं" म्हणाले. त्या उत्तरातच निम्मं निदान होतं, हे मला नंतर कळलं.

इंजिन गार होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडता आलं. गरम इंजिनावर ते कधीच उघडायचं नाही, कारण आतलं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली असतं. झाकणावर 0.9 असा आकडा छापलेला होता. एवढा दाब टिकला तर साधं पाणीही 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दाब निसटला तर साताऱ्याच्या उंचीवर ते 98 अंशांच्या आतच उकळतं. घाटात काटा का चढत होता, त्याचं उत्तर इथे मिळतं. पाणी कमी होतं हा त्रास आहेच. त्याहून मोठा त्रास म्हणजे दाब धरला जात नाही. झाकणाचं रबर बोटाने चाचपून, स्प्रिंग दाबून बघितली. दोन्ही ठीक होती.

पुढचा अर्धा तास कशालाही पाना लागला नाही, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. ऑइलची पट्टी ओढून पाहिली: तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. डाव्या बाजूची पायाखालची मॅट उचलून खालचा गालिचा दाबून पाहिला. तिथे ओल नव्हती, कुलंटचा गोडसर वासही नव्हता, म्हणजे हीटर सुटला. मग इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचेची नळी धरली आणि वरचा रबरी फुगा दाबत राहिले. हेड गॅस्केट फुटलं असेल तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने हा द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. हेड उतरवायचा खर्च तिथेच वाचला. अंदाजाने हेड खोलणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच. या चाचणीला काही मिनिटं लागतात, तर उतरवलेलं हेड परत बसवायला दिवस जातो आणि जुन्या इंजिनाचे बोल्ट तुटायची भीती वेगळीच.

आता प्रेशर टेस्टर. इंजिन पुन्हा गार होऊ दिलं, झाकणाच्या जागी हातपंप बसवला आणि काटा 0.9 वर नेला. इथे युक्ती आहे ती गारपणात. रस्त्यावर दाब आणि उष्णता एकत्र येतात. गरम लोखंडावर पडलेलं पाणी खाली पोचायच्या आत वाफ होऊन उडतं, म्हणून फरशी कोरडी राहते. गाडी थांबून गार झाली की दाबही जातो आणि गळती थांबते. पंपाने गार इंजिनाला तोच दाब दिला की पाण्याला उडून जायला वाव राहत नाही. काटा हळूहळू खाली सरकू लागला. मिस्त्री टॉर्च आणि लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन इंजिनाभोवती फिरले. होज पाइपांचे क्लॅम्प कोरडे होते, वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोकही कोरडं. शेवटी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमागे, आरशात, ब्लॉकवरून खाली उतरणारी एक चकाकती रेघ दिसली.

तिथे कोअर प्लग होता. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी भोकं ठेवतात. ती पत्र्याच्या वाटीसारख्या झाकणांनी बंद केलेली असतात. कुलंटमध्ये गंजरोधक असतं, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. वर्षानुवर्षं साधं पाणी पिऊन ही पातळ वाटी आतून कुजली होती. मॅनिफोल्ड काढल्यावर तिच्या कडेला टाचणीएवढं छिद्र दिसलं, भोवती पांढरट खपली. छिन्नीने एक कड आत ठोकली, वाटी आडवी झाली, ती पकडीने ओढून काढली. आतल्या बाजूला तांबूस गाळ साचला होता. खाच साफ करून, सीलंट लावून पितळेचा नवा प्लग ठोकून बसवला, कारण पितळ लोखंडासारखं गंजत नाही. परत दाब दिला. मॅनिफोल्ड चढेपर्यंत काटा जागचा हलला नाही.

"बोअरचं पाणी बंद करायचं काका," पाणी पालटताना मिस्त्री म्हणाले, "निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड." हाताला येणारे बाकीचे प्लगही त्यांनी त्याच दिवशी बदलले, कारण सगळ्यांचं वय एकच होतं आणि सगळे तेच पाणी प्यायले होते. मागचा एक मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतही नाही. तो राहू द्यायचं ठरलं. क्लचचं काम निघेल तेव्हा आधी तो बघायचा, असं त्यांनी बिलाच्या पाठीवर लिहून दिलं.